उमरखेडच्या हिवाळ्यातली ऊब

युरोपीय संघातल्या घरांमध्ये जेवढी ऊर्जा वापरली जाते, तिचा जवळजवळ दोन-तृतीयांश वाटा एकट्या घर तापवण्यात जातो. उमरखेडमध्ये हा वाटा नावापुरताही नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या नैऋत्येला, पैनगंगेच्या उत्तरेकडे वसलेल्या या तालुक्याच्या गावी भिंतीतून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या दिसत नाहीत आणि घर तापवणारा बॉयलरही कुणी बसवलेला नसतो. हिव मात्र चांगलंच पडतं. अरबी समुद्र इथून सुमारे 500 किलोमीटर दूर आहे. हवेतली उष्णता धरून ठेवणारा ओलावा समुद्र पुरवतो, तो दिवाळीनंतर इथे उरत नाही. दुपारी 28-29 अंशांवर असलेला पारा पहाटे 12-13 पर्यंत उतरतो आणि उत्तरेकडून कोरडा वारा सुटला की एक आकडी होतो. याच विदर्भात, नागपूरला, 29 डिसेंबर 2018 च्या पहाटे 3.5 अंशांची नोंद झाली होती. उन्हाळ्यात 44 अंश सोसणाऱ्या माणसाला ही घसरण किती बोचते, हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही.

तरीही घर न तापवता इथली माणसं हिवाळा काढतात, आणि तेही फार थोड्या खर्चात. त्यामागे मला मोठी शहाणीव दिसते. ऊब विकत आणण्याआधी हाताशी असलेली ऊब निसटू न देणं हे तिचं सूत्र. ही ऊब तीन ठिकाणांहून मिळते: दिवसाचं ऊन, जमिनीच्या पोटातली उष्णता आणि माणसाचं स्वतःचं अंग. आणि ती निसटते मुख्यतः वर, आकाशाकडे.

आकाशाची ही ओढ किती जबर असते, याचा पुरावा अडीचशे वर्षांपूर्वी छापला गेला आहे. अलाहाबादच्या बाजूला गारठ्याच्या रात्री बर्फ कसा पाडतात, याचं वर्णन सर रॉबर्ट बार्कर यांनी 1775 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात केलं. उघड्या मैदानात उथळ खड्डे खणायचे, तळाला उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं अंथरायची आणि त्यावर पाण्याने भरलेली पसरट मातीची भांडी तिन्हीसांजेला मांडायची. पहाटे त्यांत बर्फ धरलेला असे. हवा गोठणबिंदूच्या वर असली तरी बर्फ धरे, कारण पाणी आपली उष्णता थेट निरभ्र आकाशाकडे टाकत राही आणि खालची ताटं जमिनीची ऊब वर येऊ देत नसत. स्वच्छ, कोरड्या रात्री जमिनीवरची प्रत्येक उघडी वस्तू हेच करते. छप्परही करते.

म्हणून हिवाळ्यात घराचा कस छपरावर लागतो. टिनाचा पत्रा रात्री आसपासच्या हवेपेक्षाही थंड होतो. घरातल्या श्वासांची आणि स्वयंपाकाची वाफ त्याच्या खालच्या बाजूला निवून थेंब धरते आणि पहाटे ते थेंब अंथरुणावर पडतात. पाऊस नसताना टिन कुठून गळतं, हे नवीन घर बांधलेल्या माणसाला पहिल्या हिवाळ्यात कोडंच वाटतं. उपाय मात्र साधा आहे. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूची तट्टी किंवा सिलिंग मारायचं आणि मधली हवा कोंडून ठेवायची. एवढ्याने थेंब थांबतात आणि मे महिन्यातली होरपळही कमी होते. टिनाच्या घरावर थोडाच पैसा खर्चायचा असेल, तर तो आधी इथे खर्चावा.

जुन्या धाब्याच्या घरांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. सागवानी कड्या, त्यांवर आडव्या काड्या, पाला, आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंतीही त्याच मातीच्या, हातभर ते दोन हात रुंद. मातीतून उष्णता फार हळू सरकते. सर्वसाधारण कच्च्या मातीची भिंत 30 सेंटीमीटर जाड धरली, तर बाहेरच्या बाजूला आलेली उष्णतेची लाट आत पोचायला जवळजवळ 10 तास लागतात. दुपारी 3 वाजता तापलेली भिंत रात्री 1 वाजता आतून ऊब देते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा. शिवाय बाहेर दिवसरात्रीत जेवढा चढउतार होतो, त्याचा दहावा हिस्साही आत पोचत नाही. चार इंची काँक्रीटच्या स्लॅबला हाच प्रवास करायला तीन तासही लागत नाहीत. दुपारचं ऊन तो संध्याकाळीच आत ओततो आणि मध्यरात्रीपासून थंड पडू लागतो. स्लॅबचं घर टिकाऊ आहे, पावसाला पक्कं आहे आणि लोकांनी ते कष्टाने बांधलेलं आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण मातीचं घर पाडून स्लॅब टाकणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण एक फुकटचं तापयंत्र काढून टाकतो आहोत, त्याची भरपाई वाकळांनी आणि पडद्यांनी करावी लागेल.

बंदी भागातल्या, म्हणजे पैनगंगा अभयारण्याला लागून असलेल्या गावांत, आंध समाजाच्या वस्त्यांवर आणि बंजारा तांड्यांवर कुडाच्या भिंती अजून दिसतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाच्या, किंवा तुरीच्या काड्या विणून दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपलेल्या या भिंती मातीच्या जाड भिंतीइतकी उष्णता साठवू शकत नाहीत. वारा मात्र पक्का अडवतात, आणि हिवाच्या रात्री वारा अडवणं हे निम्मं काम असतं. लिंपण भेगाळलं की ते निम्मं कामही जातं, म्हणून दिवाळीआधीचं सारवण-लिंपण हे घराच्या शोभेइतकंच उबेचंही काम आहे. गोठा घराला लागून असला तर त्याचाही आधार होतो. एक धष्टपुष्ट बैल उभ्या-उभ्या चार-पाच माणसांइतकी उष्णता बाहेर टाकतो.

उन्हाचं गणितही इथे माणसाच्या बाजूचं आहे. उमरखेडचा अक्षांश साधारण 19.6 अंश. 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून 47 अंशांवर असतो. दक्षिणेकडच्या भिंतीला 2 फुटांचा छज्जा असेल तर त्याची सावली वरच्या सव्वादोन फुटांतच संपते, खालची सगळी भिंत आणि खिडकी उन्हात न्हाते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य थेट डोक्यावर येतो आणि पुढचे दोन महिने दुपारी किंचित उत्तरेकडेच असतो. तेव्हा तोच छज्जा ती भिंत पूर्ण सावलीत ठेवतो. दक्षिणेकडे ओसरी आणि खिडकी ठेवण्याइतकी स्वस्त सोय दुसरी नाही. ज्यांचं घर बांधून झालं आहे, त्यांनी निदान दक्षिणेकडची खिडकी सकाळी 10 पासून उघडी ठेवावी आणि दुपारी 4 नंतर बंद करून जाड पडदा ओढावा. उघडी काच रात्री तेवढीच ऊब बाहेर सोडते.

आता कापसाकडे येऊ. या जिल्ह्याची खरी श्रीमंती तीच, आणि हिवाळ्याचं खरं उत्तरही तेच. निजलेला माणूस साधारण 70 वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बपेक्षा थोडी जास्त. एका खोलीत पाच जणं झोपली की 350 वॅट होतात, रात्रभर, वीजबिलाशिवाय. ही उष्णता अंगाभोवती किती वेळ थांबवता येते, एवढाच प्रश्न उरतो. बोंड फुटल्यावर कापसाचा तंतू वाळतो, आतून पोकळ असलेली त्याची नळी चपटी होते आणि तो स्वतःभोवती पीळ घेतो. या पिळांमुळे तंतू एकमेकांना चिकटून बसू शकत नाहीत, त्यांच्यामध्ये हवा अडकते. अडकलेली, हलू न शकणारी हवा हा उष्णतेचा उत्तम बांध. फुगलेल्या कापसातून जेवढी उष्णता जाते, तिच्या तीस-चाळीस पट तेवढ्याच जाडीच्या काँक्रीटमधून जाते. खोलीत 10 अंश असताना 70 वॅटचा माणूस उबेत ठेवायला कापसाचा किती थर लागेल, याचा हिशोब केला तर उत्तर येतं अडीच सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे एक चांगली पिंजलेली दुलई. बंद खोलीत 2000 वॅटचा हीटर जे काम करतो, ते ही दुलई अंगाच्याच 70 वॅटवर करून दाखवते.

अट एकच, कापूस फुगलेला हवा. वर्षभर दाबून बसलेल्या गादीत हवा उरत नाही, घामाने आणि दमटपणाने तंतू जड होतात. झोपेत माणसाच्या अंगातून आणि श्वासातून रात्रभरात पावशेराच्या आसपास पाणी बाहेर पडतं, त्यातलं बरंचसं अंथरूण-पांघरूण शोषून घेतं. ओला कापूस उष्णता वाहू देतो. म्हणून सकाळी अंथरूण घडी करून कोनाड्यात न टाकता दोन तास उन्हात पसरणं, हे उबेचं सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात फुकट काम आहे. आणि दोन-तीन वर्षांनी कापूस पिंजून घेणं हे दुसरं. पिंजाऱ्याच्या धनुकलीच्या दोरीने तंतू मोकळे होतात, मधली हवा परत येते. आता हे काम बहुतेक ठिकाणी यंत्रावर होतं. धनुकली असो की यंत्र, नवी ब्लँकेट घेण्याआधी जुनी गादी पिंजून घ्यावी, हा माझा आग्रह आहे. निम्म्याहून कमी खर्चात जास्त ऊब मिळते.

गाद्या-दुलयांसाठी गावरान कापूस सगळ्यात चांगला, हेही सांगायला हवं. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत शतकानुशतकं पिकलेला हा देशी कापूस आखूड आणि खरबरीत धाग्याचा. एकोणिसाव्या शतकात अमरावतीच्या नावावरून तो विलायतेच्या बाजारात ‘उमरा’ म्हणून ओळखला जाई आणि बारीक सुतासाठी त्याला कमी भाव मिळे. पण तोच खरबरीतपणा भरावासाठी गुण ठरतो, कारण दाबला तरी हा धागा उसळून वर येतो. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर देशी वाणांचं क्षेत्र फारच आक्रसलं. हिवाळ्यात एक तरी गादी गावरान कापसाची असावी असं म्हणणारी जुनी माणसं अजून भेटतात, आणि त्यांचं म्हणणं भौतिकशास्त्राला धरून आहे.

दुलई परवडत नाही तिथे वाकळ असते. जुनी लुगडी, धोतरं, साड्या एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली ही वाकळ दुलईइतकी फुगत नाही, पण तिच्या प्रत्येक दोन थरांमध्ये हवेचा एक पातळ पदर असतो. जवळजवळ घातलेले टाके थर सरकू देत नाहीत. दोन वाकळा एकावर एक घेतल्या की त्यांच्यामध्ये आणखी एक पदर तयार होतो, म्हणून एका जाड पांघरुणापेक्षा दोन मध्यम पांघरुणं बरी. अंगाखालच्या बाजूकडे मात्र बहुतेकांचं लक्ष नसतं. बाजेवर झोपणाऱ्याला खालून वारा लागतो, आणि शहाबादी फरशीवर झोपणाऱ्याची उष्णता दगड ओढून घेतो. दोघांनीही पांघरुणात भर घालण्याआधी अंथरुणात भर घालावी. रिकामी पोती, सतरंजी, जुनी वाकळ, जे असेल ते.

खोली सोडून माणसालाच ऊब द्यायची ही रीत जगात इतरत्रही आहे. काश्मिरी माणूस फेरणाखाली निखाऱ्यांची कांगडी धरतो, जपानी कुटुंब कोतात्सु नावाच्या बुटक्या मेजावर दुलई टाकून सगळ्यांचे पाय एका ऊबदार पोकळीत घेतं.

उमरखेडच्या घरात हिवाळ्याचा खर्च खरा होतो तो आंघोळीच्या पाण्यावर. 15 लिटरची बादली 15 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला सुमारे 0.44 युनिट वीज लागते. पाच जणांच्या घरात रोज सव्वादोन युनिट, महिन्याला 65 ते 70. महावितरणच्या बिलात 100 युनिटनंतर दर चढतो आणि 300 नंतर आणखी चढतो, त्यामुळे ही भर घराला सहज वरच्या टप्प्यात ढकलते. पण इथेच निसर्गाने एक मोठी देणगी ठेवली आहे. जमिनीच्या काही मीटर खाली ऋतूंचा चढउतार पोचत नाही, तिथलं तापमान वर्षभराच्या सरासरीइतकं असतं आणि या भागात ते 26 अंशांच्या आसपास येतं. पहाटे विहिरीवर वाफ दिसते ती यामुळेच. गच्चीवरच्या काळ्या टाकीत रात्रभर राहिलेलं पाणी मात्र 15 अंशांवर उतरलेलं असतं. सकाळी मोटर लावून विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी थेट आंघोळीला घेतलं, तर बादलीला 0.44 ऐवजी 0.25 युनिट पुरतात. जवळपास निम्मी बचत, एक रुपया न गुंतवता. ज्यांना टाकीशिवाय पर्याय नाही त्यांनी पाणी दुपारी चढवून आंघोळ संध्याकाळी करावी.

पाणी तापवण्याचं काम भूगर्भ स्वतःच करतो अशी ठिकाणंही फार लांब नाहीत. पैनगंगेच्याच खोऱ्यात, नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात उनकेश्वर इथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि लोक पिढ्यानपिढ्या तिथे आंघोळीला जातात. घरच्या घरी हे काम सूर्याकडून करून घ्यायचं तर सोलर वॉटर हीटर. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 55 वर गेलं की रोज 4 युनिट वाचतात, आणि इथल्या निरभ्र हिवाळ्यात ऊन क्वचितच दगा देतं. जे निरभ्र आकाश रात्री ऊब हिरावतं, तेच दिवसा ती परत करतं.

गावातल्या बऱ्याच घरांत स्वयंपाक गॅसवर आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, अशी वाटणी झाली आहे. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर सिलेंडर खेड्यापाड्यांत पोचलं, पण 14.2 किलो गॅस पाण्यावर जाळायला कुणाचा जीव होत नाही. जळण म्हणून शेतात पऱ्हाटी असतेच. कापसाच्या एका हेक्टरातून दोन-तीन टन काड्या निघतात. साध्या उघड्या चुलीत मात्र त्यातली फार तर सातवा हिस्सा उष्णता भांड्याला लागते, उरलेली धुराबरोबर जाते आणि तो धूर बाईच्या छातीत जातो. वर्ध्याच्या मगनवाडीत, 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या परंपरेत, धुराडं असलेली ‘मगन चूल’ तयार झाली ती याच दुखण्यावर. तांब्याच्या बंबाची रचनाही हुशार आहे: आग मधल्या नळीत आणि पाणी तिच्या चहूबाजूंनी, त्यामुळे उष्णता पाण्यातूनच वाट काढते.

पऱ्हाटीच्या ढिगाला मात्र एक मोठा धोका जोडलेला आहे. 2017 मध्ये विदर्भाच्या कापसावर गुलाबी बोंडअळीने घाला घातला. ही अळी वाळलेल्या, अर्धवट उमललेल्या बोंडांमध्ये निजून राहते आणि पावसाळ्यात पुन्हा बाहेर पडते. जळणासाठी बांधावर किंवा घरामागे रचलेला ढीग म्हणजे पुढच्या हंगामाच्या अळीचं घर. म्हणून पऱ्हाटी उपटल्यावर त्यावरची राहिलेली बोंडं तोडून नष्ट करावीत, जळण पावसाळ्याआधी संपवावं आणि उरलेलं यंत्राने बारीक करून घ्यावं. कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूर केंद्रात या काड्यांपासून ठोकळे आणि गोळ्या करण्याचं काम झालं आहे, आणि ठोकळा केलेलं जळण साठवायलाही सुटसुटीत असतं. हे काम तालुक्याच्या पातळीवर वाढलं पाहिजे.

शेतकऱ्याच्या हिवाळ्यात आणखी एक गारठा आहे, तो घराबाहेरचा. कृषिपंपाची वीज रात्री आली की गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस चिखलात उतरतो. स्थिर हवेच्या चोवीस पट सहज उष्णता पाण्यातून वाहते, ओल्या पायांतून अंगाची ऊब झरझर जाते. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि कोरडे मोजे ही इथे चैन नव्हे, औषध आहे. दिवसा वीज देण्यासाठी 2017 पासून राबवली जाणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना म्हणूनच मला सिंचनाइतकीच आरोग्याचीही वाटते.

एक इशारा मोठ्याने द्यायला हवा. कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं बंद खोलीत घेऊन कधीही झोपू नये. निखारा धूर न करता जळतो तेव्हाही कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरचंही तेच. शेक घ्यायचा तो जागेपणी, दार उघडं ठेवून, आणि झोपण्याआधी निखारे घराबाहेर. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची जुनी रीत जिथे चालू आहे, तिथे हे घरातल्या मोठ्या बायांना नीट समजावून सांगावं.

कारण त्या खोलीत सगळ्यात जास्त जपायचं असतं ते बाळाला. वजनाच्या मानाने नवजात बाळाच्या कातडीचं क्षेत्र मोठ्या माणसाच्या जवळजवळ तिप्पट असतं, आणि कुडकुडून ऊब तयार करणं त्याला जमत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं, त्यात बाळाला उबेत ठेवणं आणि त्यासाठी शिवलेली झोपेची पिशवी यांचा समावेश होता. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार या सगळ्या उपायांनी मिळून नवजात बालमृत्यूचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं. पुढे हीच पद्धत देशभर आशा ताईंच्या गृहभेटींत आली. उमरखेड तालुक्यातल्या तांड्यावर किंवा वस्तीवर आशा ताई बाळाला पाहायला येते तेव्हा ती आधी बाळाचे तळपाय आणि मग पोट हाताच्या पाठीने चाचपते. पाय गार आणि पोट कोमट लागलं तर बाळाची ऊब उतरू लागली आहे, त्याला लगेच आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालायचं आणि डोक्याला टोपरं बांधायचं. दोन्ही गार लागली तर त्याच अवस्थेत, छातीशी धरूनच, दवाखाना गाठायचा.